तळावरची डोलोरेस

बाल्टिमोरच्या पूर्वेकडच्या चार गल्ल्यांत नॉर्बर्ट ग्राबोव्स्कीने बत्तीस वर्षं टपाल वाटलं, आणि त्या गल्ल्यांतल्या निम्म्याअधिक माणसांना परग्रहवासीयांच्या तोंडी दिलं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. यादीत आपलं नाव नसलं तर मात्र माणसं रुसत.

त्याचं असं झालं. तीस वर्षांपूर्वी त्याने कॉम्प्युटरवरचा एक खेळ आणला. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर उतरतात आणि आपण मूठभर सैनिक घेऊन त्यांना थोपवायचं, असा तो खेळ. आधी आपली पाळी, मग त्यांची. घाई नाही, धावपळ नाही, कॉफी निवली तरी चालेल. सैनिकांना हवी ती नावं देता येत, आणि रोज शेकडो नावं वाचणाऱ्या पोस्टमनला नावांचा काय तोटा? पुढे याच जातीचे नवे खेळ आले, चित्रं झकपक झाली. तेही तो खेळला, पंच्याण्णव टक्के खात्रीचा नेम चुकल्यावर पडद्याला शिव्याही घातल्या. पण मन रमायचं ते जुन्यातच.

त्यामुळे खाटीक ओटो ह्राडेक मटण तोलता तोलता विचारायचा, "नॉर्ब, मी आहे का अजून?" केशकर्तनालयवाला गस खेळातल्या सायबेरियात विमानाच्या दाराशीच मारला गेला, पहिलं पाऊलही नीट टाकता आलं नाही; त्यानंतर तो महिनाभर नॉर्बर्टच्या मानेवर वस्तरा जरा जोरातच चालवत होता. ओटोची बायको हिल्डा कर्नल झाली, तेव्हा तिने गल्लीभर केक वाटला.

नॉर्बर्टचा नियम एकच, पण कडक. मेला तो मेला. बाकीचे खेळाडू डाव फसला की मागे जाऊन पुन्हा खेळतात. नॉर्बर्टला ते दुसऱ्याचं पत्र फोडून परत चिकटवण्याइतकं हलकट वाटे. मेलेल्याचं नाव तो एका वहीत लिहायचा, आणि ते नाव पुन्हा कधीच वापरायचा नाही.

बायको डोलोरेसचं नाव अर्थातच पहिल्या दिवसापासून होतं. कुणी विचारलं की नॉर्बर्ट म्हणायचा, "सेवेत आहे." तिलाही तेवढंच माहीत होतं. तिचा खरा जीव बोलिंगमध्ये. इथलं आमचं बोलिंग म्हणजे बुटक्या पिना आणि मुठीत मावणारा चेंडू, आणि त्यात तिचा हात बसलेला होता. दीड वर्षापूर्वी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि खेळणं थांबलं. वसंताच्या तोंडावर डॉक्टरांनी खुशाल खेळा म्हणून सांगितलं. नॉर्बर्टची मात्र परवानगी मिळेना. आधी म्हणाला थंडी सरू दे, मग म्हणाला उकाडा सरू दे. गाडी तोच चालवी, शिडीवर तोच चढे, दुधाची बाटलीसुद्धा तिच्या हातातून काढून घेई. शेवटी तिच्या जुन्या संघाने निरोप धाडला: एक जागा रिकामी आहे, गुरुवारी दोनला आलीस तर तुझी, नाहीतर दुसरीला देऊ.

त्या गुरुवारी जेवणं आटोपल्यावर नॉर्बर्ट मुद्दामच खेळायला बसला. विषय निघायला नको. आणि नेमकं तेव्हाच, त्याचे कसलेले आठ सैनिक विमानातून दूर गेलेले असताना, परग्रहवासी थेट त्याच्या तळावर चालून आले. जुन्या खेळात असं होतं. मग जो तळावर असेल त्याने लढायचं. नॉर्बर्टला हे तीस वर्षं ठाऊक होतं, पण भोवती तोफा बसवून तो निर्धास्त राहिला होता. तोफांचे नेम चुकले. तळावर होता राखीव ओटो, आणि कोठारात ठेवलेली डोलोरेस.

खरी डोलोरेस बोलिंगचे बूट हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली होती.

"माझ्या नावापुढे शिकाऊ का लिहिलंय?" तिने विचारलं.

"अगं, तू राखीव आहेस."

"मोहिमा शून्य? हिल्डा कर्नल झाली आणि मी तीस वर्षं कोठारात?"

"जिवंत आहेस ना पण?"

"कोठारात," ती म्हणाली. "ऊठ जरा."

तिने त्याची खुर्ची घेतली. काय दाबायचं ते विचारलं आणि त्याने दिलेला सल्ला मात्र ऐकला नाही. शिकाऊ सैनिकाने दाराआड दबून राहावं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हिने डोलोरेसला मधल्या वाटेत आणून उभं केलं. पहिला परग्रहवासी पडला. दुसराही पडला. नॉर्बर्टच्या तोंडून शाबास निघालं. तिसऱ्यावरचा नेम चुकला, पाळी संपली, आणि त्यांच्या पाळीत तिसऱ्याने डोलोरेसला टिपलं. मग त्याला ओटोने मागून लोळवलं आणि तळ वाचला.

नॉर्बर्टचा हात कॉम्प्युटर बंद करायच्या बटणाकडे गेला. डाव साठवला जाण्याआधी, आत्ताच बंद केलं तर हे सगळं झालंच नाही असं होणार होतं. तीस वर्षांत त्याने असं एकदाही केलं नव्हतं. 

डोलोरेसने त्याचं मनगट धरलं.

"नियम म्हणजे नियम, नॉर्ब. लिही वहीत."

"तुला कोठारात ठेवलं ते उगाच नाही, डॉली. हॉस्पिटलच्या त्या बाकावर मी अकरा तास बसलो होतो."

"माहीत आहे. मी तेव्हा टेबलावर होते." तिने त्याचं मनगट सोडलं नाही. "पण कोठारातही ते येतातच की. बघितलंस ना आत्ता? मग मला चार चेंडू तरी टाकू दे. गाडीच्या किल्ल्या कुठेत?"

नॉर्बर्टने खिशातून किल्ल्या काढून दिल्या. मी सोडतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो दारातल्या पांढऱ्या पायरीवर उभा राहिला. मग आत येऊन वहीत लिहिलं: डोलोरेस ग्राबोव्स्की, मोहिमा एक, बळी दोन. हे नाव आता त्याला कुठल्याच तळावर ठेवता येणार नव्हतं.

घरात बसवेना. आपली पाळी संपली की हात बांधून बघत राहायचं असतं, हे तो जन्मभर करत आला होता, पण आज ते फार जड गेलं. साडेतीनला तो उगाचच ओटोच्या दुकानात गेला.

"मी आहे का अजून?" ओटोने नेहमीप्रमाणे विचारलं.

"आहेस. डॉलीने वाचवलं."

"वा! आणि ती?"

"कामी आली," नॉर्बर्ट म्हणाला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आत्ता बोलिंगला गेलीय. पाचला येईल."

ओटोने सॉसेजं तोलली, आणि न सांगता तिच्यासाठी दोन जास्त बांधली.