लांब पायांच्या माशीचं चित्र

जळगावात नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला बायका हसायच्या. विहिरीवर गेले की कुणीतरी हमखास विचारायची, "आज काय काढलं गं, डास की ढेकूण?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. "आज तुझं नाक काढलंय, घरी येऊन बघ," असं सांगून घागर उचलायची आणि चालू लागायची.

धुळ्याला माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या हाताखाली माझा हात तयार झाला होता. लग्नानंतर त्या हाताचं काय करायचं हा प्रश्नच होता, पण हे शेतकी खात्यात पिकांवरचे किडे तपासायच्या कामावर होते. यांना किड्यांची चित्रं लागायची आणि स्वतःला तर सरळ रेघ मारता यायची नाही. मग काय, चूल आवरली की मी भिंगाशी.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. यावलकडच्या एका केळीच्या बागेत यांना एक माशी सापडली. तांदळाच्या दाण्याएवढी, हिरवीगार, वर तांब्याची झाक, आणि पाय अंगाच्या मानाने इतके लांब की उंच टाचांवर चालतेय असं वाटावं. अशा लांब पायांच्या माश्या केळीच्या पानांवर पुष्कळ असतात, मावा खातात. शेतकरी त्यांनाही कीड समजून हाकलायचे आणि हे समजवायचे की बाबांनो, ही तुमच्या बाजूची आहे. पण या एका नराचे पंख धुरकट होते. बाकी सगळ्यांचे काचेसारखे स्वच्छ, याचेच धुरात धरल्यासारखे. यांनी मिळतील तेवढी पुस्तकं चाळली, अशी माशी कुठेच नव्हती.

कलकत्त्याला या माश्यांचे एक मोठे जाणकार होते. त्यांना यांनी पत्र टाकलं. उत्तर आलं की जात नवी असू शकेल, पण या कुळातली माशी ओळखायची ती नराच्या पायांवरून. कुणाच्या पुढच्या पायाला केसांचा झुपका असतो, कुणाच्या मधल्या पायाचं टोक चपटं असतं. तेव्हा सहाही पाय स्वच्छ दिसतील असं चित्र आणि सगळं वर्णन पाठवा. आता पंचाईत अशी की नर एकच, आणि तो मरताना पाय पोटाखाली दुमडून मेलेला. मधले पाय तर यांनाही धड दिसले नव्हते.

यांच्या जिवाला ती माशी का लागली होती ते सांगते. यांच्याकडे पदवी नव्हती. हाताखालचा माणूस म्हणून उन्हातान्हात हिंडायचं, बाटल्या भरायच्या, आणि कागदावर सही वरच्या साहेबांची. पुण्याला किड्यांच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. साहेब म्हणाले होते, "नवी जात तुमच्या वर्णनाने मान्य झाली तर मी तुमच्यासाठी शब्द टाकेन. एरवी कठीण आहे." बोलायला काय जातं त्यांचं! पण यांनी ते मनावर घेतलं. जेवताना, झोपताना, नुसती माशी.

हे पाच दिवस शिरपूर-शिंदखेड्याकडे फिरतीवर निघाले. जाताना माझ्या हातात माश्यांची लाकडी पेटी दिली. तळाला बूच बसवलेलं, त्यावर बारीक टाचण्यांनी टोचलेल्या वीस-बावीस माश्या. "त्या नराला ओल्या वाळूवर ठेव. नरम झाला की पाय सोडव आणि चित्र काढ. सोमवारी साहेब पुण्याला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर द्यायचंय. पेटी तुझ्या हवाली," म्हणाले. मी पेटी फळीवर ठेवली. दुसऱ्याच दिवशी माझी महिन्याची अडचण आली.

तेव्हा चार दिवस कशाला शिवायचं नाही. मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचं, ताट दुरून सरकवलेलं. आतली फळी तिथून दिसायची नाही, आणि पेटीला हात लावायची तर सोयच नव्हती. मी मनात हिशेब केला, चौथ्या दिवशी न्हाऊन उरलेल्या वेळात चित्र होईल.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी न्हाऊन आत आले, तर फळी रिकामी. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं. मी ओरडलेच, "अक्का, पेटी कुठे?"

अक्का धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे जाड पापड, वाळत घालत होत्या. तिथूनच शांतपणे म्हणाल्या, "अवं, ती आठे शे ना! बठ्ठा किडाच भरेल शेतस त्यामां. म्हनीसन ऊन दिधं."

पेटीत नुसते किडेच भरलेत म्हणून उन्हात ठेवली! मी धाबं कशी चढले मला माहीत नाही. बाजेवर बिबड्यांच्या शेजारी, कावळ्याने तोंड घालू नये म्हणून वर जुनं पातळ पसरून, झाकण सताड उघडून पेटी ठेवलेली. तीन दिवस! वैशाखातलं खानदेशाचं ऊन. अक्कांचा काही दोष नव्हता. डाळ असो, गादी असो, लग्नातली पैठणी असो, किडा दिसला की उन्हात टाकायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. आमच्याकडे सगळ्याच करतात. बाईने मायेनेच केलं. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता, म्हणून मूग गिळून पेटी खाली आणली.

माश्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. बुचावर सुटे पाय पडलेले. मी मोजले, अकरा. धुरकट पंखांचा नर जागेवर होता. त्याला ओल्या वाळूवर ठेवून वर वाटी पालथी घातली आणि दुपारी उघडून भिंगाखाली धरला. पुढचे दोन पाय होते, मागचे दोन होते. मधले दोन्ही नव्हते.

मी रडले नाही. रडायला वेळ नव्हता. अकरा पाय पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. त्यांतले दोन एकसारखे होते, लांबीला जुळणारे, आणि टोकाला काळी चपटी पट्टी नि तिला पांढरी किनार. हेच असणार, मी म्हटलं. खरं सांगू? ते देखणे होते. यांच्या माशीला असेच पाय असावेत असं मला वाटलं आणि मी त्याला पुरावा समजले. रंगांच्या पेटीत बाभळीचा डिंक होता. ब्रशच्या टोकावर थेंब घेऊन ते दोन्ही पाय चिकटवले, आणि त्याच उजेडात चित्रही पुरं केलं.

शनिवारी दुपारी हे आले. धुळीने भरलेले, पण पाणी प्यायच्या आधी भिंगाशी बसले. मी दाराशी उभी. सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. हे बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मान वर केली तेव्हा चेहरा असा फुललेला की लग्नातही तसा पाहिला नव्हता. "अगं, पट्टी बघ! मधल्या पायाची पट्टी! धुरकट पंख आणि हा पाय, दोन्ही एकत्र कुठेच नाहीत. नवी आहे. आता कोण नाही म्हणेल?"

आणि मी म्हणाले, "चहा टाकू?"

रात्री हे दिव्याखाली वर्णन लिहीत बसले आणि मी अंथरुणात जागी. हे पाय माझ्या डिंकाचे. उद्या ते छापून येणार, खाली यांचं नाव. पुढे कधी कुणी शहाणा माणूस तीच माशी धरेल, त्याला मधले पाय साधे दिसतील, आणि मग म्हणेल की जळगावच्या त्या बिनपदवीच्या माणसाने दोन माश्यांची एक केली. यांच्याकडे नावाशिवाय दुसरं होतं काय? पण पाय खरेच त्याचे असले तर? तेही शक्य होतं. जिवंत माशी बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

रविवारी सकाळी मी म्हटलं, "मला त्या बागेत न्या. रंग एकदा जिवंत माशीवर पडताळायचा आहे." यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "चल."

आगगाडी, मग बैलगाडी. बागेत पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं, पण केळीखाली गारवा होता, पाटाला पाणी सुटलं होतं. बागेचे मालक आबा डोक्याला फडकं गुंडाळून समोर आले. "काय पाहू ऱ्हायले साहेब? आज तर बाईंनापण आणलं!" हे हसले. मी हसले नाही. पदर खोचून पाटाच्या कडेला पानांखाली वाकले.

तासाभरात पन्नास माश्या पाहिल्या असतील. मग एका पानावर दोन दिसल्या, पंख काचेसारखे स्वच्छ. त्यांतला नर मादीसमोर उभा राहून मधला पाय उचलायचा आणि हलवायचा, मग दुसरा. टोकाला काळी पट्टी, पांढरी किनार. पानावर निशाण नाचवावं तसं चाललं होतं त्याचं.

मी चिकटवलेले पाय याच जातीचे होते. तरी मी स्वतःला म्हटलं, असेल, दोघांचे पाय सारखे असतील. अजून धुरकट पंखवाला कुठे दिसलाय? मी पुढे सरकले. चिखलात पाऊल गेलं, काचेच्या दोन बांगड्या केळीच्या सोपटावर आपटून फुटल्या. हे मागे जाळं घेऊन उभे.

आणि दिसला. माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, ताठ उभा, पंखांवर तो धूर. सहाही पाय पानावर. मधले पाय पिवळे, बारीक, टोकापर्यंत साधे. पट्टी नाही, किनार नाही, काहीसुद्धा नाही. मी यांचा हात धरून खाली ओढला. हेही बघत राहिले. मग जाळं हळूच पुढे आलं आणि माशी उडाली.

दुपारपर्यंत शोधलं. परत मिळाली नाही.

विहिरीच्या काठावर बसलो तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ऊन, अकरा पाय, डिंक. "अक्कांना बोलू नका," म्हटलं, "पेटी माझ्या हवाली होती. चिकटवलं मी. तोंड बंद ठेवलं मी." आणि मग रडू आलं ते थांबेना.

हे पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "डिंक मी शनिवारीच पाहिला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पट्टी पाहून हरखलो होतो, पण पायाच्या मुळाशी थेंबही होता. भिंगाखाली चांगला मोठा दिसतो. वाटलं, तू सांगशील. तू चहाचं विचारलंस. मग वाटलं, नाही सांगितलं तर बरंच आहे." मग म्हणाले, "आत्तासुद्धा, पाहिलंय फक्त आपण दोघांनी."

माझं रडू जागच्या जागी थांबलं. मी रात्रभर ज्यांच्या अब्रूसाठी तळमळत होते ते सगळं जाणून वर्णन लिहीत बसले होते! "दोघांनी म्हणजे?" मी म्हणाले. "मी कुणीच नाही का? माझ्या हातचं चित्र आहे ते. तुम्हाला खोटी माशी पाठवायची असेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या." नवऱ्याशी असं बोलायची रीत नव्हती. आबा पलीकडे मोटेपाशी होते, त्यांनी मान वळवली. वळवू दे, मला काही वाटलं नाही.

हे उठले. "चल, गाडी चुकेल," एवढंच बोलले.

घरी आल्यावर यांनी स्वतः ब्रशने पाण्याचा थेंब सोडून डिंक विरघळवला आणि ते दोन पाय काढले. सोमवारी सकाळच्या उजेडात मी नवं चित्र काढलं, चार पायांचं. मधल्या पायांची जागा कोरी ठेवली. यांनी वर्णनात लिहिलं की नमुन्याचे मधले पाय गळाले आहेत, जिवंत नरात ते साधे दिसले, पण तो हाती लागला नाही. साहेबांनी चित्र पाहून तोंड वाकडं केलं आणि पाकीट बॅगेत टाकलं.

पावसाळा संपता संपता कलकत्त्याचं पत्र आलं. पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. इंग्रजी मला अक्षरं लावून लावून वाचता यायचं, तेवढं पुरलं. पंख लक्षणीय आहेत, परंतु अपुऱ्या नमुन्यावरून नाव देता येत नाही, पूर्ण नर मिळाल्यास अवश्य पाठवावा. पुण्याची जागा त्याआधीच दुसऱ्याला गेली होती. हे आंघोळीला बसले होते आणि पत्र चुलीत घालावं असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

यांनी ओल्या हातांनीच ते वाचलं, दोनदा वाचलं आणि घडी घातली.

"सांगितल्याचं वाईट वाटतंय का तुला?" यांनी विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं, मला माहीत आहे. मी म्हणाले, "हो. फार वाटतंय."

"मलाही," हे म्हणाले, आणि सदरा चढवून कचेरीला गेले.