पाळकांचे उस्ताद

लातूर जिल्हा झाला त्या काळात गावात सल्ला न देणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी राहत होता. बाकी सगळे सल्ला देत. कलेक्टर कचेरी कुठे हवी होती इथपासून ते पाऊस का रुसला इथपर्यंत पानटपरीवर प्रत्येकाकडे तयार उत्तर असे, आणि मी ती उत्तरे रोज पेपरला कळवीत असे. शेजारी मात्र एस.टी.त नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवण्यात हयात घालवून निवृत्त झाले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात खाकी शर्ट, जो निवृत्तीनंतरही उतरला नाही. सारा गाव त्यांना उस्ताद म्हणे. उस्तादांना काहीही विचारा, ते उलट विचारत. एकदा परगावच्या माणसाने त्यांना नव्या कचेरीचा रस्ता विचारला. उस्ताद म्हणाले, "हितवर कुणाला इचारून आलात?" तो म्हणाला, "कुणालाच न्हाई, पाट्या वाचत आलो." "मग आता का थांबलात?" माणूस चिडून निघाला आणि पाच मिनिटांत कचेरीत पोचला. त्यांच्या पत्नीची तक्रार वेगळी होती. "भाजीत मीठ कमी हाय का इचारलं, तर म्हणत्यात, तुला काय वाटतं? पस्तीस वर्सं झाली, मला अजून कळलं न्हाई मीठ कमी हाय का जास्त." मी एकदा टंचाईवरची माझी बातमी त्यांना वाचून दाखवली. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "ह्यातलं तुम्ही सोता काय पाह्यलं?" मी अर्धी बातमी खोडली. उरलेली छापून आली.

त्यांची बसण्याची तऱ्हा निराळी होती. खुर्ची असो, ओटा असो, ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. पाहुण्यांना वाटे, थंडी वाजते. खरे कारण त्यांनीच मला सांगितले. सुरुवातीच्या दिवसांत शिकाऊ ड्रायव्हरशेजारी, केबिनमधल्या इंजिनाच्या गरम बॉनेटवर घोंगडीची घडी टाकून ते बसले होते. रेणापूरच्या अलीकडे वळण आले, त्यांना धीर धरवला नाही आणि त्यांनी स्टिअरिंगला हात घातला. गाडी तुरीच्या शेतात गेली. शिकाऊ पोरगा शांतपणे म्हणाला, "उस्ताद, म्या वळवीतच होतो की." त्या दिवसापासून उस्ताद हातांवर बसू लागले.

आमच्या गल्लीला लागून चर्च होते. तिथे नवे पाळक आले, देगलूरकडचे, वय जेमतेम अठ्ठावीस. त्याच उन्हाळ्यात गल्लीतले आड एकेक करून आटले आणि चर्चच्या आवारातल्या आडाला तेवढे पाणी राहिले. सारी गल्ली घागरी घेऊन फाटकाशी उभी राहू लागली. पाळक पहाटे पाचला फाटक उघडत, चिठ्ठ्या वाटत, घागरी मोजत, म्हाताऱ्यांना स्वतः शेंदून देत आणि भांडणे सोडवत. रविवारी उपासनेत प्रार्थनेसाठी डोळे मिटले की ते लवकर उघडत नसत. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, पंचांत एक निवृत्त कंपाउंडर होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. "आधी मंडळी, मग गल्ली. फाटक बंद करा." पाळकांना ते मान्य नव्हते, पण पंचांशी भांडायला अंगात त्राणही नव्हते. त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला आणि तो खिशात घेऊन एका मंगळवारी संध्याकाळी उस्तादांच्या ओट्यावर आले. पाळक गेले तर फाटक बंद होणार, हे ओट्यावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

"उस्ताद, काय करू ते सांगा."

"आधी तुम्ही काय काय करताय ते सांगा."

पाळकांनी पाचच्या फाटकापासून यादी सांगितली. उस्तादांनी ती पुरी ऐकली.

"ह्यातलं देवानं तुमालाच सांगितलेलं कोणतं?"

"प्रवचन," पाळक म्हणाले. "आणि आजाऱ्यांना भेटणं."

"मग ऱ्हायलेलं कुणाचं?"

"पंचांचं. पण ते करत नाहीत हो! नुसते बोलतात."

"फाटकाची किल्ली कुणाकडं हाय?"

पाळकांचा हात नकळत खिशाकडे गेला. तिथे अर्जही होता आणि किल्लीही.

असे चार मंगळवार गेले; त्यांत एकदा तुरीच्या शेताची गोष्टही निघाली. उस्तादांनी एकदाही अर्ज फाडा म्हटले नाही की पाठवा म्हटले नाही. पाचव्या आठवड्यात पाळकांनी आडापाशी बैठक बोलावली आणि गल्लीतर्फे उस्तादांनाही बोलावले. कंपाउंडर उठले आणि फाटक का बंद करावे ते त्यांनी मुद्देसूद सांगितले. पाळक गप्प बसले. गल्लीतल्या बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. एक जण म्हणाली, "अवं सायेब, बोला की कायतरी!" उस्तादांचे हात मांड्यांखालून सुटले. ते ताडकन उभे राहिले. "अवं, सरळ सांगून टाका त्यांना, की—"

"बसा उस्ताद," पाळक हळूच म्हणाले. "वळवतोय मी."

उस्ताद बसले. मी त्यांना ओशाळलेले तेवढे एकदाच पाहिले, आणि इतके खूश झालेलेही.

पाळकांनी किल्ली कंपाउंडरांच्या हातात दिली. "काका, उद्यापासून फाटक तुमच्याकडं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम गेलो. रांगेत पहिली उभी होती ती गल्लीतली म्हातारी खाला. तिच्या चार मुलांना कंपाउंडरांनी इंजेक्शने टोचली होती. कंपाउंडरांनी किल्ली कुलपात घातली. मग ती म्हणाली, "क्या डाक्टरसाब, मी परत जाऊ का?" कंपाउंडर आयुष्यात डॉक्टर झाले नव्हते. त्यांनी फाटक सताड उघडले आणि ओरडले, "एकेकानं! ढकलाढकली करणाराला मागं काढीन!" आठवडाभरात दवाखान्यासारखी रांग लागली. म्हातारे आधी, घरटी दोन घागरी. भांडण करायला आलेला माणूस त्यांच्या नजरेनेच गप्प होई. फाटक त्या उन्हाळ्यात एक दिवसही बंद राहिले नाही. बदलीचा अर्ज गेला नाही.

पुढे मंगळवारी पाळक येईनासे झाले. पहिल्या मंगळवारी उस्तादांनी चहा थांबवून ठेवला. दुसऱ्या मंगळवारी पत्नी म्हणाल्या, "येत न्हाईत आता ते. तुमीच हुशार केलंत त्यांना." पाळकांसाठी ओतलेला कप मी घेतला. चर्चमध्ये गाण्यांचा सराव चालला होता. पेटी जरा बेसूर होती, पण पाळक वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्याने गात होते.

"आवाज खुलला की हो त्यांचा," उस्ताद म्हणाले.

सराव संपेपर्यंत ते ओट्यावरून उठले नाहीत.