शुक्रवारी गाडी न भरणारे सोनकांबळेकाका

सोनकांबळेकाका शुक्रवारी गाडी भरत नसत. लातूरच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत कुणी अमावास्या पाळतं, कुणी शनिवारी नवं यंत्र सुरू करत नाही. काका यातलं काहीच मानत नसत. जळकोटकडच्या बौद्ध घरातले ते. वडिलांच्या काळापासूनच पंचांगाला घरात थारा नव्हता. पण शुक्रवारी त्यांच्या शेडचं शटर अर्धंच वर जायचं. मी एकदा डिवचलं, "काका, बुद्धाला मानता अन् वार पाळता?"

"मी कुठं पाळतो? दिल्लीवाले पाळतेत," ते शांतपणे म्हणाले. "कांदा भाईर धाडायच्या बंदीचा कागद शुक्रवारी सांजच्यालाच निघतंय. म्होरं दोन दिस हापिस बंद. मंग इचारायचं कुणाला?"

माझा धंदा कांद्याच्या जाळीदार गोण्यांचा, आणि शेड त्यांच्या भिंतीला लागून. काका सरकारी वखारीतून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं सांभाळतात. काकांनी दुबईला कांदा पाठवायला घेतला. गिऱ्हाईक एकच, बशीरभाई. मूळचे केरळचे, तिकडे त्यांचं भाजीचं घाऊक दुकान. काकांचा भाचा तिथं नोकरीला होता, त्यानं गाठ घालून दिली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. फोनवर इकडून जय भीम, तिकडून सलाम, आणि मग कांदा. "कागद हायेत की, पर ते कस्टमवाल्यासाठी," काका म्हणत. "आमचा सौदा जबानीवर हाय."

इथं कांदा महागला की सरकार त्याची निर्यात थांबवतं, आणि स्वस्त होऊन रस्त्यावर पडला की पुन्हा उघडतं. काकांचा सरकारवर राग नव्हता. "त्येला बी घर चालवायचंय," ते म्हणत. "पर घरात कमी पडलं म्हून शेजाऱ्याच्या हातात दिल्याली वाटी वढून घ्यावी का?"

आणि एका वर्षी बंदी गुरुवारी आली. काकांची गाडी बंदराच्या दारात पोचली होती, ती तिथूनच फिरवली. माल जवळच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकला. "सरकारनं वार बदलला," एवढंच काका म्हणाले. पण तिकडे बशीरभाईंनी हॉटेलवाल्यांना आधीच शब्द दिलेला होता. "भाईसाहब, बाजार में मेरी जुबान गई," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बशीरभाई परत येतील का, एवढ्या एका प्रश्नावर काकांचा सगळा धंदा येऊन थांबला.

वसाहतीतल्या एका व्यापाऱ्यानं मार्ग सुचवला. वरच्या थरात टोमॅटो लावायचे, कागदावर टोमॅटो लिहायचं, खाली कांदा. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. "अवो, कांदा हाय त्यो," ते म्हणाले. "पेटी उघडायच्या आधी त्योच सांगतंय, मी हितं हाय म्हून."

त्यांनी वेगळंच सुरू केलं. रोज सकाळी आडत बाजारात भाव निघाला की फोन तोंडाजवळ धरून बशीरभाईंना निरोप बोलायचा. भाव सांगायचा, आणि शेवटी, "माल अच्छा है. देने को नहीं आता. जय भीम." निरोप ऐकल्याची निळी खूण यायची, उत्तर यायचं नाही. डबा घेऊन आलेल्या काकू म्हणायच्या, "त्यो कवाच इसरला तुम्हाला. भितीसंगं बोलायलाव तुम्ही."

"दुकान बंद हाय," काका म्हणायचे. "वळख कामून बंद करायची?"

पुढे बंदी उठली, पण कांद्यावर भलं मोठं निर्यात शुल्क बसलं. "दार उघडलं, पर उंबरा कमरेएवढा बांधला," काका म्हणाले. निरोपात बदल झाला तो इतकाच : "देने को आता है, महंगा पड़ेगा." नंतर शुल्कही गेलं. मग निरोप असा : "अब खुला है. कब तक खुला है, मालूम नहीं." मी म्हणालो, काका, हे शेवटचं वाक्य गाळा, अशानं कोण माल मागवेल. ते म्हणाले, "मालूम न्हाईच की." वाक्य तसंच राहिलं आणि उत्तरही आलं नाही. तोवर बशीरभाईंच्या दुकानात इजिप्तचा कांदा लागल्याचं भाच्याकडून कळलं. त्या दिवशी काकांनी डबा न उघडता परत पाठवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा भाव सांगितला.

काका एका दुपारी शेडमध्येच गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. कांदा निवडणाऱ्या बायकांना वाटलं, डोळा लागला. मला अजूनही त्या भिंतीपलीकडे सामसूम असली की करमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी बसलो होतो. काकूंच्या मांडीवर ठेवलेला काकांचा फोन वाजला. बशीरभाईंनी निरोप बोलून पाठवला होता, इतक्या काळानंतर पहिल्यांदा. "भाईसाहब, आज भाव नहीं आया. तबीयत ठीक है ना?"

काकूंनी फोन माझ्याकडे दिला. काय झालं ते मीही तसंच निरोपात बोलून कळवलं. मग त्यांचा निरोप आला.

"मैं रोज सुनता था. सुनके चाय पीता था. उन पे भरोसा पूरा था, आपकी सरकार पे नहीं था. जवाब देता तो माल मँगाना पड़ता, इसलिए चुप रहा."

काकूंनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत ऐकला. मग पदरानं फोनची काच पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मानूस जित्ता व्हता तवा एवढं बोलायला कोन्ती बंदी व्हती?"