एका श्वासाची हजेरी

सतरापर्यंत मी सरळ मार्गानं गेलो. सतरा आणि अठराच्या मधात नाकानं हळूच एक श्वास चोरला आणि दिमाखात तीसवर जाऊन थांबलो. टाळी कोणीच वाजवली नाही. समोरच्या खुर्चीतले म्हातारे हवालदार तेवढे म्हणाले, "मास्तर, सतराले चोरला. फिरून मोजा."

मोहाडीच्या आमच्या माजी सैनिकांच्या संस्थेत हजेरी अशीच होते. 'हजर' म्हणून भागत नाही. एक मोठा श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायचे. जिथं थांबलात, तो आकडा तुमच्या नावापुढं. छातीचं कसं काय चाललंय, ते त्यावरून कळतं. माझं बाविसाव्याला आटोपलं.

'आमची' संस्था म्हणतो खरा, पण मी सैनिक नाही. शाळेत असताना एनसीसीत गेलो होतो, बूट चावतात म्हणून पंधरा दिवसांत परत आलो. संस्था माझ्या बाबांची. बर्फातल्या चौकीवरची नोकरी संपवून ते आले, ते खोकला घेऊनच. आसपास तसे आणखी तिघं निघाले. त्यातले एक नाकाडोंगरीचे, फौजेनंतर खाणीवर पहारा देणारे. चौघांनी मिळून वाफेचं एक मशीन आणलं. बाबांच्या सायकलीच्या कॅरियरवर बसून ते पार आंबागडपर्यंत जायचं. ज्याला दम लागला त्याच्या घरी आठ-आठ दिवस मुक्काम करायचं. "त्या मशीनले माह्याहून जास्त गावं माहीत आहेत," आई म्हणायची.

पुढं राईस मिलमधले हमाल यायला लागले. चुलीपुढं जन्म काढलेल्या बायाही आल्या, पण दाराशीच थबकल्या. सैनिकांच्या संस्थेत आपलं काय काम! बाबा म्हणाले, "या ना बाई. धुरासमोर तुम्हीबी ड्युटीच केली." त्या दिवसापासून बायांचीही हजेरी सुरू झाली.

आता संस्थेला खोली आहे, ऑक्सिजनची मशीनं आहेत, आणि येणार आहे एक स्मरणिका. तिच्यात हा सगळा इतिहास मी लिहायचा असं ठरलं. निघताना हवालदार म्हणाले, "अन् तुमच्या बाबाची कोरोनातली वही आणा. बाकी साऱ्यायच्या आल्या. पानं छापू."

ती वही माझ्याच कपाटात होती, माझ्याच हातानं लिहिलेली.

कोरोनात हजेरी बंद पडली, तेव्हा संस्थेनं नवा नियम काढला होता. प्रत्येकानं रोज फोनवर आपल्या एका माणसापुढं मोजायचं आणि त्या माणसानं आकडा वहीत लिहायचा. बाबांनी मला निवडलं. ते मोहाडीत, मी भंडाऱ्यात. सकाळी सातला फोन यायचा. मी तो स्पीकरवर टाकून बेसिनजवळ ठेवायचो आणि दाढी करायचो. डोक्यात मोबाईलवरचा वर्ग. पलीकडचा आवाज थांबला की ओरडायचो, "वा बाबा, वीस!"

"लिहिलं?"

"लिहिलं."

मग ते काहीच बोलायचे नाहीत. रेंज गेली असेल, असं समजून मी दाढी पुरी करायचो. फोन कधीतरी आपोआप बंद व्हायचा.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले.

आता वाटतं, एक तरी आकडा खरा असायला हवा होता. बाबा कुठं अडखळत होते? सातवर? बारावर? शेवटच्या आकड्याला त्यांचा आवाज कसा व्हायचा? डोळे मिटून ऐकायला बसतो, तर माझ्याच गालावरून फिरणाऱ्या ब्लेडची खरखर ऐकू येते.

घरी येऊन वही काढली. पानंच्या पानं वीस. एवढी टिकाऊ छाती तर बाबांची भरतीच्या दिवशीही नसेल. वही अशीच दिली तर हवालदार पहिल्याच पानावर मला पकडणार. दिलीच नाही, तर स्मरणिकेत बाबांचं पान कोरं. मग मला तिसरी युक्ती सुचली. त्याच रंगाचा पेन शोधला आणि विसाचे एकोणीस, एकोणिसाचे अठरा, असं हळूहळू बाबांना उतरवत न्यायचं ठरवलं. पहिल्या आकड्यावर पेन टेकवला.

बायको समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "काय करून राहिले?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. दाढीसुद्धा.

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली आणि माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"वही तशीच द्या," ती म्हणाली. माझ्या बाबांना ती मामाजी म्हणायची. "मामाजीले सारं माहीत होतं. मले दुपारच्या फोनवर सांगत, तेरा झाले का मी थांबतो, अन् हा वीस म्हणते. मी म्हटलं, मंग रागवा ना त्यायले. तर म्हणे, कायले? मी चूप बसलो का फोनवर त्याचा श्वास आयकू येते. चांगला चालू असते. तेवढ्यासाठीच तं फोन लावतो."