हरणामावशीला ज्वारीच का हवी होती

मला चौकशीची खोड आहे. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना प्रश्न विचारले, निवृत्त झाल्यावर सगळं गाव तावडीत सापडलं. त्यामुळे लालासाहेबाच्या रानात हरणामावशीनं पैसे नाकारले, हे कळताच हातातला चहा तसाच ठेवून मी निघाले.

हरणामावशी आटपाडीकडची धनगरीण. साठी ओलांडलेली, दोन दात पडलेले, पण चालायला लागली तर माझी दमछाक होईल. दिवाळी सरली की दीडशे मेंढरं, मुलगा बिरदेव आणि पाठीवर संसार लादलेलं घोडं घेऊन ती आमच्या पलूसकडे उतरते. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, मोबदला धनगराला. हा मोबदला पूर्वी धान्यात असे. सगळीकडे ऊस झाला, मग धान्य कुठून देणार? नोटा आल्या.

लालासाहेब माझा चुलतभाऊ. फौजेतून कायमचा घरी आला, तेव्हा ओढ्याकडचं दीड एकर पांढरंफटक पडलेलं होतं. वर्षानुवर्षं उसाला पाणी सोडून सोडून मीठ वर आलेलं. त्याची बायको अंजना त्या रानाला विटली होती आणि वीटभट्टीवाला तिथली माती उचलायला टपलेला होता. अंजनानं नवऱ्याला एक वर्ष दिलं. तेवढ्यात काही पिकलं नाही, तर माती भट्टीला.

लालासाहेबानं नोटा पुढं केल्या, तर मावशी म्हणाली, "पैसं नगं. ह्याच रानातलं पोतंभर जोंधळं दे."

बांधावरची माणसं हसली. त्या रानात हरळीसुद्धा धड उगवत नव्हती. मला मात्र आधी कारण हवं होतं. मी विचारलं, रेशन मिळत नाही का? तिनं अंगठा दाखवला. दोर ओढून आणि लोकर कातरून तो इतका गुळगुळीत झाला होता, की मशीन त्याला ओळखत नव्हतं. म्हणजे पोटासाठी? तर म्हणे, पोटापुरतं बाजारात मिळतं. मग ज्वारी कशाला, यावर ती नुसती "बघू की" म्हणाली. असल्या उत्तराला मी शाळेत शून्य मार्क दिले असते.

मेंढरांनी ते पांढरं मीठ आवडीनं चाटलं. पण खालच्या कोपऱ्यात एकही मेंढरू बसेना. बिरदेवनं तीन दिवस हाकून पाहिलं, ती उठून वर यायची. मावशीनं लालासाहेबाला सांगितलं की मेंढरू ओल्यात बसत नाही, वरून सुकं दिसत असलं तरी इथं पाणी तुंबलंय. त्यानं तिथं कुदळ मारली. गुडघाभर खड्डा झाला आणि पाणी पाझरू लागलं. मी बोट बुडवून चाखलं. खारट होतं.

मग लालासाहेबानं फौजी हट्टानं त्या कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत चर खणला. पावसाळाभर त्यातून खारं पाणी वाहत राहिलं. त्यानं हिरव्या खतासाठी ताग पेरून जमिनीत गाडला आणि सप्टेंबर संपताना शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, टाकला. मी रोज फेरी मारायचे. पीक माझं नव्हतं, तरी उगवलेलं पहिलं पान बघून मला रडू आलं.

त्या साली मावशी बाकीची गावं करून फेब्रुवारीत पलूसला आली, तेव्हा शाळूची मळणी झालेली होती. जिथं मेंढरं बसली होती तिथंच कणसं भरली होती, बाकी सगळं खुरटं. दोन पोतीही भरली नाहीत. ठरल्याप्रमाणे अंजनानं एक पोतं मावशीपुढं ठेवलं आणि स्वच्छ सांगितलं, की एवढ्याशा पिकावर रान ठेवणं परवडत नाही, भट्टीवाल्याला आज होकार कळवायचाय.

मावशीनं पोत्याचं तोंड सोडलं. ओंजळीनं ज्वारी काढून अंजनाच्या सुपात ओतत राहिली. सूप भरल्यावर म्हणाली, "हे बियानं घे. फुडल्या साली ह्याचं जोंधळं मला द्यायचं."

"आन न्हाई पेरलं तर?" अंजनानं विचारलं.

"तर माझ्या ताटातलं गेलं म्हनायचं."

मला राहवेना. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पैसे का नकोत? या वेळी तिनं उत्तर दिलं.

"पैसं दिलं की मानूस मोकळा हुतो, बाई. ह्या वड्याकडंला तीन रानांत मी पैसं घेतलं. दोन रानं भट्टीनं खाल्ली, एकात प्लॉट पडलं. आता एवढंच ऱ्हायलंय. हे गेल्यावर मेंढरं कुटं टेकवू?"

प्लॉट पडलेलं रान माझं होतं. मेंढरं बसवल्याचे पैसे मीच तिच्या हातावर ठेवले होते आणि त्याच उन्हाळ्यात रान विकलं होतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, तरी ती माझ्याकडे बघत नव्हती. मला शरम वाटली. आयुष्यात पहिल्यांदा विचारायला एकही प्रश्न सुचला नाही.

अंजना सुपातली ज्वारी चाळवत होती. तेवढ्यात लालासाहेबाचा फोन वाजला. भट्टीवालाच होता. लालासाहेबानं बायकोकडे पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"न्हाई द्यायचं रान," अंजना म्हणाली. "त्यात मावशीचं बियानं पेरायचं हाय."