काकीची उलटणारी गाय

"आवं डॉक्टर, माझ्या वळूत खोट हाय म्हंतासा?"

थोरले चुलते गोठ्याच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की कोयनानगरात भूकंप मोजणारं यंत्र दोनदा तरी दचकलं असणार.

वळू म्हणजे आमचा खिलार. प्रदर्शनात पहिला आल्यावर हलगी लावून आष्टा गावभर मिरवलेला. शिंगं इतकी उंच की ढगांना वाट बदलावी लागायची. कुणाची गाय माजावर आली की मालक नारळ नि पेंड घेऊन आमच्या दारात हजर. गाय गाभण राहिली नाही, उलटली, तर लोक गाय बदलायचे. वळू बदलावा असं एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

फारच गायी उलटायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी वळूचं रक्त तपासायला पाठवलं होतं. ते सांगत होते, याची दोन गुणसूत्रं जन्मतःच एकमेकांना चिकटलेली आहेत. वरून राजबिंडा, पण गर्भ बऱ्याचदा सुरुवातीलाच जिरतो, आणि झालेल्या वासरातही ही खोट उतरू शकते. गायींचा दोष नाही.

मी काकीकडं बघितलं. तिच्या माहेरच्यांनी माण तालुक्यातून दिलेली गाय वर्षभर उलटत होती. चुलत्यांनी तिला वांझ ठरवून येत्या बाजारात काढायचं पक्कं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या खिलाराचं बीज भरून बघू. त्या आनंदात काकीनं त्यांच्या चहात इतकी साखर घातली की चमचा उभा राहिला.

बाजाराच्या सकाळी बघतो तर गाय टेम्पोत. काकी चुलीपुढून उठलीच नाही.

माझं डोकं फिरलं. चुलत्यांना नाही नाही ते बोललो. शिंगं बघता, रंग बघता, शेपटीचा गोंडा बघता, आणि खापर फोडायला तेवढी गाय बरी सापडते. आपल्या घरांत सुनांचंही हेच. पोर झालं नाही की तपासायला सून न्यायची, पोरगा आपला मिशीला पीळ देत पारावर. शेवटी विचारलं, डॉक्टर बोलले ते तुम्हाला कळलं तरी का?

चुलते टेम्पोचा फाळका लावत होते. मागं न बघता म्हणाले,

"कळलं की. गाय ठिवली, तर लोक वळूला नावं ठिवतील."