धाविकाच्या अंड्यांभोवती फक्की

खेळाचा मास्तर म्हणून मी जन्मभर एकच काम नीट केलं, मैदानावर चुन्याची फक्की मारण्याचं. कबड्डीची रेघ माझ्या हातून कधी वाकडी गेली नाही. निवृत्तीनंतर हा गुण गंजू द्यायला हवा होता.

माण तालुक्यातल्या आमच्या माळावरून गॅसची पाइपलाइन जाणार होती. जिथून चर खणायचा तिथेच धाविकाने दोन अंडी घातलेली. धाविक म्हणजे मातीच्याच रंगाचा, चार पावलं पळून थबकणारा पक्षी. घरटं बांधत नाही, उघड्या मुरमावरच अंडी. अलीकडे तो दिसेनासाच झालेला. ही जोडी दाखवली ती मेंढरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने. तो रोज कळप तिथून लांबून वळवायचा.

मी कामावरच्या सुपरवायझरला गाठलं. सांगलीकडचा, माणूस भला. म्हणाला, "पिल्लं निघेपर्यंत तेवढा तुकडा सोडतो, सर. फक्त मशीनवाल्याला दिसेल अशी खूण करून ठेवा."

खूण म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. शाळेतून अर्धं पोतं फक्की मागून आणली. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"मास्तर, ती धोंड्यात धोंडा हून बसलीया. कशाला उघडी पाडताय?"

"आवं बाबा, रेघ दिसली की मशीन थांबंल."

"मेंढरापुढं कवा रेघ काढली न्हाई म्या. आडवा हुबा ऱ्हातो, बास. तुमी बी सकाळी हुबं ऱ्हावा की."

मी हसलो. इतकी वर्षं पोरं माझ्या रेघेवर थांबली, मशीन थांबणार नाही? गोल इतका देखणा जमला की फोटो काढून सुपरवायझरला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

सकाळी दाढीबिढी करून, दोन चहा पिऊन सावकाश गेलो. गोल नव्हता. त्या जागी खड्डा होता, तोही गोल. सुपरवायझर पुढच्या तुकड्यावर, आणि मशीनवर त्याच सकाळी बदलीवर आलेला माणूस.

"फक्की मारली व्हती की," तो म्हणाला. "फक्की दिसली की खांदायचं. हितं सांगाय बी कोन नव्हतं."

खरंच होतं. पाया असो, विहीर असो, आमच्याकडे फक्की मारतात ती खणायलाच. माझ्या घराच्या पायाला तर मीच मारली होती.

मुरमाच्या ढिगाभोवती धाविक पळत होता. चार पावलं पळायचा, थांबायचा. पुन्हा चार पावलं. ढिगावर चढला, उतरला.

म्हातारा आला. मी उरलेली फक्की बांधत बसलो, हातांना काहीतरी हवं म्हणून.

"ह्या लायनीवर म्होरं आनिक एक जोडी बसलीया," तो म्हणाला.

"कुठं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे.

"तुमाला न्हाई सांगत. तुमी हितं मेंढरं बगा."

आणि काठी घेऊन तो मशीनच्या वाटेवर आडवं उभं राहायला निघाला.